‘बोलून माझं कर्ज फिटणार काय?’

गोव्यात मानसिक आरोग्याचं काम करणारी आमची संस्था. मार्च जवळ आला की तिथं वार्षिक अहवालाची घाई सुरू होते. किती पंचायतींत बैठका झाल्या, किती शाळांत तास घेतले, आरोग्य केंद्रांतून किती जण आमच्याकडे आले आणि त्यातले किती दुसऱ्यांदा आले, हे सगळं तक्त्यात बसवायचं असतं. यंदाही बसवलं. खोटं कशाला सांगू, तक्ता बघून बरं वाटलं. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत फिरलो होतो. बचतगट झाले, महिला मंडळं झाली. देवळाच्या सभामंडपात भजन सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं मागून घेतली. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, भर बाजारात टेबल मांडून बसलो.

पण वर्षभर जिथं जिथं गेलो तिथं एक वाक्य ऐकलं, आणि त्याला तक्त्यात रकाना नाही. “उलोवन कितें जातलें, बाय?” बोलून काय होणार?

पूर्वी मला या प्रश्नाचा राग यायचा. आता येत नाही, कारण विचारणाऱ्याच्या पदरात बहुतेक वेळा असं काहीतरी असतं जे बोलण्यानं खरंच सुटत नाही. जमिनीचा दावा, मुलाची नोकरी, नवऱ्याची बाटली, बँकेचा हप्ता. अशा माणसाला “मन मोकळं करा” सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं वर्णन ऐकवणं.

हा प्रश्न मला सगळ्यात सरळ विचारला तो डिचोली तालुक्यातल्या एका ट्रकमालकानं. ओळख पटू नये म्हणून बरंच बदललं आहे.

वय पन्नाशीच्या पुढे. खाणीवर दोन ट्रक चालायचे. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला. मध्ये खाणी सुरू झाल्या म्हणून दुसऱ्यावर कर्ज काढून दुरुस्ती केली आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळं थांबलं. तेव्हापासून ट्रक अंगणात ताडपत्रीखाली. आता काही खाणी चालू झाल्यात, पण तो ट्रक रस्त्यावर येण्याच्या पलीकडे गेलेला. हे गृहस्थ आरोग्य केंद्रात आले ते अंगदुखी, छातीत धडधड आणि झोप नाही म्हणून. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, साखर आणि थायरॉइड बघितलं. सगळं ठीक. मग त्यांना व्हरांड्याच्या टोकाला, लसीकरणाच्या खोलीशेजारी माझ्या टेबलाकडे पाठवलं.

बायको सोबत होती. ती आधीच कौल लावून आली होती. मी कौलाला कधी नाही म्हणत नाही. देवाकडेही जा, इथंही या. तिची भीती वेगळीच होती. “ह्यांना बांबोळीला न्यावं लागेल काय?” बांबोळी म्हणजे तिथलं मनोरुग्णालय. पूर्वी ते पणजीत आल्तिनोवर होतं, तेव्हा जुनी माणसं आल्तिनोचं नाव काढून घाबरवायची. जागा बदलली, भीतीनं नुसता पत्ता बदलला. मी तिला सांगितलं, गरज पडली तर तेही एक इस्पितळच आहे, आणि आत्ता तरी तशी गरज दिसत नाही.

ते स्वतः गप्प होते. शेवटी म्हणाले, “बाई, बोलून माझं कर्ज फिटणार काय?”

“नाही फिटणार,” मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत भेटलेला प्रत्येक जण त्यांना होईल सगळं बरोबर म्हणत आला होता.

आमच्याकडे नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दल. तिथं ते अडखळले. मी सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो?” ते म्हणाले, “मेलो तर विम्याचे पैसे तरी येतील, असं एकदा मनात आलं होतं.” पुढं काही ठरवलं नव्हतं, तरी त्यांच्या परवानगीनं बायकोला आणि डॉक्टरांना सांगितलं, आणि दर भेटीत हा प्रश्न पुन्हा विचारला. सरळ विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार शिरेल, असं घरच्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाचा जीव हलका होतो. रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

पुढच्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल करते. शिकवल्याप्रमाणे पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींची यादी केली. सकाळी चालणं, देवळात जाणं, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं. एक आठवडा काहीच केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदाच चालायला गेले. चहाच्या गाड्यावर जुना सोबती भेटला, त्यानं विचारलं, “ट्रकाचं काय केलंस?” तिथूनच माघारी वळले. मी वहीत ‘गृहपाठ अपूर्ण’ असं लिहिलं आणि मनात म्हटलं, माणूस आळशी आहे. त्यांचा भाऊही हेच म्हणत होता.

चौथ्या भेटीत, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, “दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कुठली?”

“अकरा.”

इतकं नेमकं उत्तर सहसा येत नाही. “अकराला काय होतं?”

बराच वेळ गेला. शेजारी एक बाळ लस टोचल्यावर रडत होतं, ते थांबलं. मग ते म्हणाले, “पोस्टमन येतो.”

पावणेअकराला ते मागच्या खोलीत जाऊन पडायचे. बायकोला वाटायचं, रात्री झोप नाही म्हणून झोपतात. पत्र आलं की ती सोप्यावर ठेवायची, आणि दुपारी ते उठून ते पत्र एका कापडी पिशवीत टाकायचे. पिशवी तांदळाच्या पिंपामागे. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

मी वहीतली ‘गृहपाठ अपूर्ण’ ही ओळ खोडली. पेपर का वाचत नाहीत, तर त्यात खाणींची बातमी असते. देवळात का जात नाहीत, तर तिथं माणसं असतात आणि माणसं विचारतात. एक पिशवी चुकवता चुकवता त्यांचं घर, गाव, सकाळ, सगळंच हातातून सुटलं होतं. आणि मी त्यांना फिरायला पाठवत होते!

“पुढच्या वेळी पिशवी आणा,” मी म्हटलं. “फोडू नका, नुसती आणा.”

आणली. टेबलावर ठेवा म्हटलं तर खुर्चीखाली ठेवली. त्या दिवशी तीनच पाकिटं फोडायची असं ठरवलं. पहिलं आधारकार्ड खात्याला जोडण्याबद्दल. दुसरं विम्याच्या हप्त्याची आठवण. ते चक्क हसले. तिसरी बँकेची नोटीस. त्यांनी रक्कम मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, “मी मनात याच्या दुप्पट धरलं होतं.”

रक्कम लहान नव्हती. कर्ज तेवढंच होतं जेवढं सकाळी होतं. पण त्या रात्री ते झोपले, असं बायकोनं सांगितलं.

पुढचं भराभर सांगते. आमच्या एका स्वयंसेवकानं, निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं, अर्ज लिहून दिला. भावाला सोबत घेऊन ते बँकेत गेले, एकरकमी तडजोडीची बोलणी सुरू झाली. ट्रक भंगारात गेला. त्या दिवशी ते रडले, आणि मी कुठलंही काम दिलं नाही. गोळ्यांची गरज पडली नाही. दुसऱ्या कुणाला पडली असती, आणि तीही तितकीच योग्य. ते पीत नव्हते, हेही सांगायला हवं. पीत असते तर ही गोष्ट लांबली असती.

मी डॉक्टर नाही. प्रशिक्षण घेऊन या टेबलावर बसलेली बाई आहे, आणि “ही काय बरं करणार?” हे तोंडावर ऐकलेलं आहे. म्हणून अभिमानानं सांगते, याचं उत्तर गोव्यानंच दिलेलं आहे. 1996 साली इथं सुरू झालेल्या संगाथ संस्थेनं आपल्याच आरोग्य केंद्रांत 495 जणांवर अभ्यास केला. आमच्यासारख्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या 100 पैकी 64 जणांचं नैराश्य सरलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारात 39 जणांचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मी त्या अभ्यासात नव्हते, पण शिकले त्याच वाटेनं: मन लागेल तेव्हा काम करीन म्हणू नये, थोडं काम धरावं, मन मागून येतं. ‘नैराश्य’ हा शब्दही आम्ही पहिल्या भेटीत काढत नाही. लोक टेन्शन म्हणतात, आम्हीही टेन्शन म्हणतो.

घरात असं कुणी असेल तर “मन घट्ट कर” म्हणू नका. “काय झालंय तुला?” हेही दहा वेळा विचारू नका, त्याला ते सांगता येत असतं तर सांगितलं असतं. माणूस कुठल्या वेळी उठून जातो, कुठल्या नावाला विषय बदलतो, कुठल्या रस्त्यानं जायचं टाळतो, एवढं आठवडाभर बघा. मग त्या टाळलेल्या गोष्टीचा अगदी लहान तुकडा पाडा आणि त्याच्या सोबत बसा. पाकीट त्यालाच फोडू द्या. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातला जीव गेलेला दिसला तर मात्र आरोग्य केंद्र गाठा.

अहवाल छापायला गेला त्याच आठवड्यात एक अनोळखी माणूस व्हरांड्यात उभा होता. हातात प्लास्टिकची पिशवी, आत पाकिटं. त्या ट्रकमालकानं पाठवलं होतं.

“इथं बँकेची पत्रं वाचून देतात म्हणे,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं, “बसा.”