'नो कॉन्टेस्ट' म्हणायच्या आधी आईला सगळं कळायला हवं

प्रश्न : ताई, मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. आई व्हिजिटर व्हिसावर आलीये. ती एकटीच दुकानात गेली होती, सेल्फ चेकआउटला दोन-तीन वस्तू स्कॅन न होताच पिशवीत गेल्या, दुकानवाल्यांनी पोलिस बोलावले आणि पेटी थेफ्टची, म्हणजे किरकोळ चोरीची, केस झाली. पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारकडून मिळालेला वकील, म्हणतो नो कॉन्टेस्ट म्हणा, म्हणजे आरोप कबूलही करत नाही आणि लढतही नाही, दंड भरा, विषय संपला, ही काय गुन्ह्याची कबुली नसते. बाबा पण म्हणतात मिटवून टाक, पुढच्या महिन्यात परतीचं तिकीट आहे. आईला इंग्रजी जेमतेम येतं. जज तिला नीट समजावतील का, की मी शेजारी उभा राहून सांगू?
– एक वाचक

उत्तर : आधी बाबांना सांगा, तिकीट पुढे ढकलता येतं, घाई नको. कबुली नसते हे अर्धंच खरंय. अशा छोट्या केसमध्ये फायदा एवढाच की उद्या दुकानाने भरपाईसाठी दिवाणी दावा लावला तर ही प्ली, म्हणजे आरोपाला कोर्टात दिलेलं उत्तर, आईंविरुद्ध कबुली म्हणून वापरता येत नाही. बाकी गिल्टी म्हणा नाहीतर नो कॉन्टेस्ट, जज दोषीच ठरवतात. आणि आरोपीला हे पूर्ण समजलंय याची खात्री कोर्टाने आधी करायची असं कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या कलम १०१६ मध्येच लिहिलंय.

शिवाय जुरीसमोर खटला, साक्षीदारांची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क, हे तिन्ही आपण सोडून देतो. ते समजून-उमजून सोडलेत असं नुसत्या गप्प बसण्यावरून धरून चालता येणार नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये बॉयकिन वि. अलाबामा केसमध्ये सांगितलं. पण प्रत्यक्षात काय होतं, तर बऱ्याचदा एक छापील फॉर्म हातात येतो, प्रत्येक चौकटीत इनिशियल करायचे, मग जज विचारतात वाचलं का, समजलं का, आणि आपली माणसं कोर्टात भांडण नको म्हणून येस येस म्हणून मोकळी होतात. आईंचं असं होऊ देऊ नका. समजलं नसेल तर नाही समजलं म्हणायचं, त्यात काही अपमान नाही.

तुम्ही शेजारी उभं राहून सांगू नका. इंग्रजी न समजणाऱ्या आरोपीला पूर्ण केसभर दुभाषा मिळण्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच आहे, तर वकिलाला आजच सांगा की मराठी इंटरप्रीटर हवा. हिंदी चालेल म्हणून भागवू नका, आईंना घरच्या भाषेत कळू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कलम १०१६.५ प्रमाणे प्ली घ्यायच्या आधी जजने सांगायलाच लागतं की तुम्ही नागरिक नसाल तर डिपोर्टेशन होऊ शकतं, पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो, नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. विचार करायला वेळ मागितला तर तोही द्यायचा. हे सांगितलंच नाही तर नंतर प्ली मागे घेता येते, पण तेव्हा नुकसान कसं झालं ते दाखवावं लागतं आणि तोवर बहुतेक माणूस देशाबाहेर असतो. जज पण फक्त 'होऊ शकतं' एवढंच म्हणणार, आईंच्या व्हिसाचं नेमकं काय होणार ते सांगायची जबाबदारी वकिलाची. २०१० च्या पडिया वि. केंटकी केसमध्ये वकिलाने नागरिक नसलेल्या आपल्या अशिलाला सांगितलं होतं, तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी नको, आणि ते साफ चुकीचं होतं. तेव्हापासून हा सल्ला देणं वकिलाचं कर्तव्यच झालंय.

इमिग्रेशनच्या कायद्यात नो कॉन्टेस्ट प्ली आणि सोबत दंड झाला की ते कन्व्हिक्शनच, म्हणजे दोषी ठरणंच, धरतात, आणि चोरी हा तिथे नैतिक अधःपतनाचा गुन्हा. पहिल्या किरकोळ गुन्ह्याला एक अपवाद आहे, तो आईंना लागू होतो का ते इमिग्रेशन वकिलाकडून पक्कं करून घ्या. पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर अटक किंवा शिक्षा झाली होती का हे विचारतातच, तिथे खरंच लिहायचं.

आणि तुमच्या वकिलाला डायव्हर्जनबद्दल, म्हणजे शिक्षेऐवजी अटी घालून केस थांबवून ठेवण्याबद्दल, विचारलंत का? २०२१ पासून अशा मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्ह्याच्या, केसमध्ये जज, सरकारी वकिलाचा विरोध असला तरी, डायव्हर्जन देऊ शकतात. त्यात कुठलीच प्ली द्यावी लागत नाही, घातलेल्या अटी पूर्ण केल्या की केस रद्द होते. मिळेलच असं नाही, पण कोर्टात उभं राहायच्या आधी मागून बघा, कारण एकदा नो कॉन्टेस्ट म्हटलं की ही वाट बहुधा बंदच होते.