किचनमधले सवाल-जवाब: जर्मन पत्ताकोबी रोल

प्रश्न: ताई, लेक जर्मनीत शिकायलाय, सुट्टीला आलाय अन् तिकडचं कोलरूलाडन, म्हणजे पत्ताकोबीच्या पानात खिमा भरून करतात ते, घरी कर म्हणून मागं लागलाय. करून बघितलं तर पानं फाटायलेत, पातेल्यात रोल सुटायलेत. आमच्यात मटणच चालतं. मसाला कोणता घालू?
– एक वाचक, परभणी

उत्तर: पानं फाटायलेत म्हणजे तुम्ही कच्च्या गड्ड्यावरनंच सोलायलात, हो ना? आधी खालचा दांडा सुरीनं गोल कोरून काढा आणि अख्खा गड्डा मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा. दोन-चार मिनिटांत वरची पानं सैल होतात, ती चिमट्यानं काढून गार पाण्यात टाकायची, आतली सैल होईपर्यंत थांबायचं, परत काढायची. मग पान पालथं घालून मधली जाड शीर आडव्या सुरीनं तासायची, कापून टाकायची नाही, नुसती पानाच्या जाडीला आणायची. तुमचे रोल सुटायलेत ते याच शिरेमुळं, ती ताठ राहिली की पान वळतच नाही. काहीजण गड्डा रात्रभर फ्रीजरला ठेवून मऊ करतात पण आपल्याकडं लाइटचा काय भरवसा.

तिकडं डुकराचा आणि बीफचा खिमा मिसळून घेतात. तुम्ही मटणाचा घ्या, थोडी चरबी ठेवून दोनदा मशीनमधनं काढायला सांगा. अर्धा किलोला एक शिळा पाव भिजवून पिळून, एक अंडं, बारीक कांदा, चमचाभर मस्टर्ड सॉस, मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. पाव-अंड्यानं खिमा धरून राहतो. काळा मसाला आणि आलं-लसूण मात्र बाजूलाच ठेवा, ते पडलं की आपला पत्ताकोबी-खिमा होतो, चांगलाच होतो, पण लेकानं मागितलेलं ते नाही. तिकडं यात मार्जोरम घालतात, तो म्हणजे आपला गजऱ्यातला मरवा! कुंडीत असला तर थोडी पानं चिरून घाला, फुलवाल्याकडचा नको, त्यावर काय फवारलंय कुणाला माहीत.

पानं लहान असली तर दोन एकावर एक ठेवा, बाजू आत दुमडून घट्ट वळा आणि सुती दोऱ्यानं बांधा, नायलॉनचा वितळतो. तुपात सगळीकडनं चांगलं तांबूस करा (तिकडंही कढवलेलं लोणीच घेतात, म्हणजे तूपच की). तळाची खरवड टाकू नका, सगळी चव तिच्यातच असते, त्यातच मटणाचं सूप नाहीतर गरम पाणी रोल अर्धे बुडतील एवढं घालून झाकण ठेवून मंद गॅसवर तासभर. कुकर नको, पानांचा लगदा होतो. रोल काढून दोरा सोडा, उरलेल्या रशाला कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करा. सोबत उकडलेले आलू असतात, भाकरी घेतली तरी कोणी अडवत नाही.

प्रश्न: सासूबाई माळकरी आहेत, अंडंसुद्धा नाही. त्यांच्यासाठी?
– एक वाचक, लातूर

उत्तर: मशरूम बारीक चिरून पाणी आटेपर्यंत परता, त्यात मोकळा भात, भिजवलेला पाव आणि अंड्याऐवजी कुस्करलेला आलू. मशरूम बघून नाक मुरडत असतील तर पनीर. हे अर्ध्या तासात होतं, तासभर ठेवलं तर आतलं सगळं बाहेर. आणि पातेलं वेगळं घ्या, ते तुम्हाला सांगायला नको.