जुन्या गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरू नका

अभिनंदन, तुमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बडोद्यात आली! पण टाकी भरल्यावर पेट्रोलचा वास येतो म्हणता, म्हणून लगेच टाकी उतरवायला काढू नका. आधी टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवय बदला.

पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.१ टक्का. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते त्यामानाने थंड येतं. मग मे महिन्यात गाडी दांडिया बाजारात उन्हात उभी राहिली आणि पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर ४० लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास वाढ. ते जाणार कुठे? झाकणातून नाहीतर हवेच्या नळीतून बाहेर, थेट रंगावर. आगीची भीती वेगळीच.

सध्या एवढंच पाळा:

- पंपाचं नोझल आपोआप बंद झालं की बस्स. पंपवाल्याने "राउंड फिगर करू का?" म्हटलं तर सरळ नाही म्हणा.
- टाकी भरून लगेच उन्हात किंवा उतारावर लावू नका.
- वास थांबवायला टाकीचं हवेचं भोक एम-सीलने बुजवू नका. हे बरेच जण करतात! पेट्रोल कमी होतं तशी आत हवा शिरायला हवी, नाहीतर गाडी गचके खात बंद पडते.

अर्ध्या टाकीलाही वास आला, तर रबरी पाइप आणि झाकणाचा वायसर बघून घ्या. कार्बोरेटरला (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एवढ्यात हात लावू नका.