कामगारांनी युद्धाविरुद्ध सार्वत्रिक संप करायचा ठरवला होता, मग १९१४ ला तो का झाला नाही?

तुमच्या प्रश्नातलं 'ठरवला होता' अर्धंच खरं आहे. ठराव झाले होते, पण त्या दिवशी कोणी नेमकं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. फ्रान्सचंच घेऊ, कारण तिथे कामगारांची लष्करविरोधी चळवळ बराकीपर्यंत पोचली होती.

सुरुवात परकीय शत्रूपासून झालीच नाही. १ मे १८९१ ला फुर्मी या गिरणगावात आठ तासांचा दिवस मागणाऱ्या जमावावर लष्कराने गोळ्या झाडल्या, नऊ जण मेले. लष्करभरती सक्तीची, म्हणजे बंदूक धरणारे हातही कामगार-शेतकऱ्यांच्याच मुलांचे. या मुलांना बराकीत एकटं पडू द्यायचं नाही, हा चळवळीचा गाभा.

त्यासाठीची योजना म्हणजे 'सू द्यु सोल्दा', शिपायाचा पैसा. १९०० मध्ये सीजीटी या कामगार महासंघाने ती उचलून धरली. सभासदांच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढायची, भरती झालेल्या सभासदाचा पलटणीतला पत्ता घ्यायचा आणि अधूनमधून चार-पाच फ्रँक पाठवायचे. सोबत पत्र: छावणीच्या गावात कामगार भवन आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे ये. रक्कम किरकोळच, पण गावापासून तुटलेल्या विशीतल्या पोराला आपलं माणूस भेटायचं. सरकारला भीती होती ती याची. १९१२ मध्ये शिक्षक संघटनांनी ही योजना स्वीकारताच सरकारने त्या बरखास्त करायचा हुकूम काढला. ऑक्टोबर १९०५ मध्ये तर लाल भित्तिपत्रक लागलं: संपकऱ्यांवर गोळी झाडायचा हुकूम आला तर अधिकाऱ्यांवर झाडा. सही करणाऱ्यांपैकी गुस्ताव एर्व्हे या लष्करविरोधी समाजवादी पुढाऱ्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याच माणसांवर गोळी झाडण्याची वेळ आली की हे लागू पडायचं. जून १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनला निदर्शनं करणाऱ्या द्राक्षमळेवाल्यांवर गोळीबार झाल्याचं कळताच त्याच भागातल्या पोरांच्या १७ व्या पायदळ पलटणीतले शेकडो शिपाई बंड करून बेझिये शहरात चालत गेले. त्यांना पुढे ट्युनिशियात धाडलं.

युद्धाची गोष्ट वेगळी. १९०८ च्या मार्सेय अधिवेशनात सीजीटीने ठराव केला की युद्ध जाहीर झालं तर क्रांतिकारी सार्वत्रिक संप. पण रेल्वे थांबल्याशिवाय लष्कराची जमवाजमव थांबत नाही, आणि ऑक्टोबर १९१० च्या रेल्वे संपात पंतप्रधान ब्रियाँने रेल्वे कामगारांनाच लष्करी सेवेत बोलावून घेतलं. कामावर न येणारा आता संपकरी नव्हता, हुकूम मोडणारा शिपाई होता. संप मोडला. माझ्या मते १९१४ चं उत्तर तिथेच मिळालं होतं. राखीव दलातल्या प्रत्येकाच्या लष्करी पुस्तिकेत कितव्या दिवशी कुठे हजर व्हायचं ते छापलेलं असे. म्हणजे ज्या दिवशी संप करायचा, त्याच दिवशी संघटनेचे तरुण सभासद वेगवेगळ्या पलटणींत विखुरणार.

दुसरी अडचण जर्मनीची. एकाच देशात संप झाला तर तोच हरणार, आणि जर्मन कामगार संघटना वचन द्यायला तयार नव्हत्या. म्हणून ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टला भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत (मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला ती हीच) मंजूर ठरावात सार्वत्रिक संपाचं बंधन नव्हतं.

३१ जुलै १९१४ ला युद्ध टाळायला झटणारा फ्रेंच समाजवादी नेता झोरेस याचा खून झाला. धरपकडीसाठी सरकारकडे 'कार्ने बे' या वहीत संशयितांची सुमारे २,५०० नावं तयार होती. सीजीटी संप पुकारणार नाही हे ओळखून गृहमंत्री माल्वीने १ ऑगस्टला ती वापरायची नाही असं ठरवलं. एर्व्हे स्वतः युद्धाचा पुरस्कर्ता झाला.

युद्धाविरुद्ध सार्वत्रिक संप प्रत्यक्षात झाल्याचं एक उदाहरण स्पेनमधल्या बार्सिलोनाचं, २६ जुलै १९०९ चं. मोरोक्कोतल्या युद्धासाठी राखीव शिपाई, म्हणजे बायकापोरं असलेली माणसं, बोलावली होती. १,५०० पेसेटा भरू शकणाऱ्याला सुटका होती. शिपाई आपल्याच शहराच्या बंदरात, घरच्यांच्या डोळ्यांदेखत जहाजावर चढत होते. सधन बायकांनी वाटलेले देवाचे बिल्ले त्यांनी समुद्रात फेकले. बोलावणं ठरावीक तुकड्यांनाच होतं, त्यामुळे संप करायला शहरात माणसं उरली होती.