आधी गाडीखाली झोपा, मग बॉनेट उघडा

प्रश्न : २०१४ ची डिझेल स्विफ्ट बघून ठेवलीय, ८५ हजार किमी झालेत, मालक चिपळूणचा आहे. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि म्हणाला इंजिन एक नंबर, डोळे झाकून घे. घेऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : डोळे झाकून अजिबात नको. टॉर्च घ्या, जुनं बेडशीट घ्या आणि गाडीखाली झोपा.

इंजिनाबद्दल तुमचा मेकॅनिक बरोबर बोलतोय. १२४८ सीसीचं ते डिझेल मूळ फियाटचं, आपल्याकडे मारुतीने वापरलं, टाटाने वापरलं, टायमिंग चेन आहे त्यामुळे बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही आणि ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर ८५ हजार म्हणजे त्याला काहीच नाही. मला स्वतःला हे इंजिन फार आवडतं, खालच्या आरपीएमला जरा झोपलेलं असतं पण टर्बो जागा झाला की चढणीला गाडी जी ओढते ना! मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.

पण आपल्याकडे कोकणात गाडी मरते ती गंजाने. खारा वारा, चार महिने पाऊस, त्यात लाल मातीचा चिखल कानाकोपऱ्यात बसून राहतो आणि आतला पत्रा कधी सुकतच नाही. माझी पहिली गाडी सेकंडहँड व्हॅन होती, एका एजंटकडून घेतलेली, वरून पेंट चकचकीत, मी पण तेव्हा फक्त इंजिनच बघितलं. दुसऱ्या पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं लागायला लागलं म्हणून उचललं तर खाली रस्ता दिसत होता! इंजिन तेव्हाही मस्त चालू होतं.

तर बघायचं काय, मडगार्डची आतली कड, दारांखालचा रनिंग बोर्ड, मागच्या स्प्रिंग बसतात ती जागा, ब्रेकचे लोखंडी पाइप आणि डिकीत स्टेपनी काढून त्याखालचा खड्डा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, टणटण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला तर पत्रा आतून खाल्लेला आहे. खालून ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर मी उलट जास्त वेळ बघतो, कारण गंजावर कोटिंग मारलं की तो आत आरामात वाढत राहतो. मागचा मालक किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायचा का तेही विचारा. भरतीच्या पाण्यातून गाडी पळवून व्हिडिओ काढणाऱ्यांना कळत नाही की ते पाणी चेसिसच्या पोकळीत शिरतं आणि मीठ तिथंच राहतं.

गाडी चिपळूणची आहे म्हणून एक जास्तीचं काम. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. मालकावर संशय घ्या असं नाही म्हणत, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, रिळात आत राहणाऱ्या भागावर चिखलाचा डाग राहतो, तो सहसा कोणी धूत नाही. सीटच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट थर, एसी लावल्यावर कुबट वास, हे पण बघा. इन्शुरन्सचे जुने क्लेम मागा. बुडालेल्या गाडीला कोणी सेल (स्टार्टर) मारला असेल तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, अशी गाडी दुरुस्त करून विकली तर वरवर कळणं कठीण.

हे सगळं पास झालं तर बिनधास्त घ्या. आरसी १५ वर्षांची म्हणजे २०२९ पर्यंत, भाव करताना ते धरा.

प्रश्न : बाबा आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणतात. मला भीती वाटते. खरंच वाचतं का?
– एक वाचक, साखरपा

उत्तर : बाबांच्या काळात कार्बोरेटर होते, तेव्हा थोडंफार वाचायचं, त्यामुळे ते काही मनाचं सांगत नाहीयेत. पण आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं! म्हणजे वाचत काहीच नाही आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

सतत दाबून ब्रेक तापतात, आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आपल्या दमट हवेत तर विचारूच नका. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषलं की १४० पर्यंत खाली येऊ शकतं. उकळलं की पाइपात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, वळणाला दुसरा. इंजिनाचा आवाज वाढेल, वाढू दे. घाटात इंजिन बंद तर कधीच नाही, ब्रेकला जोर देणारा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. बाबांना हे वाचून दाखवा, प्लीज.

प्रश्न : डोंबिवलीला राहतो, गाडी देवगडला घरी असते. मे मध्ये लावली की थेट गणपतीला काढतो. दरवर्षी मागची चाकं जाम होतात.
– एक चाकरमानी

उत्तर : हँडब्रेक ओढून ठेवताय, म्हणून. ओलाव्यात ब्रेक शू ड्रमला गंजाने चिकटतात. सपाट जागेवर लावा, फर्स्ट गिअर टाका, चाकांना पुढून मागून चिरे (जांभा दगड) लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओलावा धरायला जागा राहत नाही. प्लास्टिकचं कव्हर नको, आत वाफ कोंडते, पडवीत जागा असेल तर उघडीच बरी. आणि गावातल्या कोणाला तरी किल्ली देऊन पंधरा दिवसांनी एकदा वायर जोडून वाडीच्या टोकापर्यंत फिरवून आणायला सांगा, नाहीतर उंदीर वायरी खातात.