अक्षर कुणाचं?

पत्र: आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा चौथीत आहे, पण सातवीची गणितं तोंडी सोडवतो. वर्गात कंटाळतो, दंगा करतो. दर आठवड्याला बाईंची चिठ्ठी येते. गृहपाठाला तर बसतच नाही (तो त्याची ताई लिहून देते, आठवीत आहे, अक्षर छान आहे तिचं). त्याला एकदम सहावीत बसवावं, पलूसच्या नवोदयची तयारी करून घ्यावी, की पुण्याला ज्ञान प्रबोधिनीत घालावं? – एक आई

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशीच अडले. आठवीतली पोर स्वतःचा अभ्यास आटपून भावाची वही भरते, आणि तुम्ही तिच्या अक्षराचं कौतुक करता! बुद्धी वाया जातेय म्हणता, मग तिच्या संध्याकाळचं काय?

नवोदयची परीक्षा पाचवीत असते, जरूर द्या. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे तुमच्या शहरी मुलाला उरलेल्यांत शिरायचंय. शिरला, तरी ती निवासी शाळा. वही भरायला ताई काही पलूसला जाणार नाही. प्रबोधिनी 1962 पासून हुशार मुलांसाठीच काम करतेय, पण तिथंही लिहायचं ज्याचं त्यालाच. आणि सहावीत बसवलंत तर गृहपाठ वाढेल. तो कोण लिहिणार, हे मला सांगायला नको.

त्याचा कंटाळा खोटा नाही हो. येणारंच गणित वीसदा करायचं म्हणजे शिक्षाच. पण हे बाईंना सांगायचं सोडून तुम्ही ती शिक्षा लेकीच्या गळ्यात घातलीत.

सोमवारी शाळा सुटताना ती वही घेऊन बाईंना भेटा. अक्षर मोठीचं आहे हे आधी कबूल करा. चिडतील, चिडू द्या. मग एवढंच मागा: वीसातली सगळ्यांत अवघड तीन गणितं त्यानं आधी करायची, स्वतःच्या हातानं, पायऱ्या मांडून. बरोबर आली तर सतरा माफ. चुकला तर वीसच्या वीस. भरलेल्या वर्गातही बाईंना हे जमेल, वेगळं पुस्तक लागत नाही.

वाचलेल्या वेळासाठी त्याला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा खेळ द्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. 3524 घ्या. अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: 5432 वजा 2345, आले 3087. पुन्हा तसंच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174. आता 6174 वर हेच करा, तेच येतं. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तिथंच पोचता. असं का होतं, ते त्याला शोधू दे. पानं भरेल, बघा.

मोठीला मात्र आज रात्रीच सांगा, भावाच्या वहीला हात लावायचा नाही. तिला कुठला विषय आवडतो, हे पत्रात कुठंच नाही. तेवढं विचारून मला कळवा.