सप्ताहात कीर्तन चालू असताना माईक सारखी शिट्टी का मारतो?

बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, बॉक्स (स्पीकर) ठेवण्याचा असतो. बॉक्समधला आवाज फिरून माईकमध्ये शिरला की शिट्टी येते. आपल्याकडं मंडप लहान, त्यात बॉक्स महाराजांच्या पाठीशी लावलेले, मग होणारच! बॉक्स माईकच्या पुढं, तोंड श्रोत्यांकडं करून ठेवायला सांगा. पखवाज-पेटीचे माईक वाद्याजवळ घ्या, गेन (माईक आवाज किती उचलतो ते बटण) उतरवा. महाराज माईकची जाळीच मुठीत धरत असतील तर हात खाली दांड्यावर घ्यायची विनंती करा, त्यानं बराच फरक पडतो.

साऊंडवाल्याला ऐन रंगात 'आवाज वाढव' म्हणून ओरडू नका. साऊंड चेक दुपारीच, टाळकऱ्यांसकट करा. वीस टाळ एकदम वाजले की सगळं सेटिंग बदलतं. आणि खास परवानगी नसेल तर रात्री १० ला भोंगे बंद.